गाडीतून नेलं की साप उंदीर बाहेर टाकतो : दर वेळी हेच होत असेल तर

पाळलेल्या सापाला गाडीतून कुठे नेऊन आणलं की एक तर तो गिळलेला उंदीर बाहेर टाकतो, नाहीतर पुढचे दोन-तीन आठवडे खाण्याकडे बघतही नाही. एखाद्या वेळी झालं तर सोडून द्यावं. पण दर फेरीला हेच होत असेल, तर त्यामागे ठरावीक कारण असतं आणि ते बहुतेक वेळा सापडतं. मुंबईत बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक हे परदेशी बिनविषारी साप पाळणाऱ्यांना हा त्रास फार, कारण इथे अंतर थोडं आणि वेळ भरपूर लागतो. मुलुंडहून परळला जायला संध्याकाळी दीड-दोन तास सहज जातात. तेवढ्या वेळात खिडकीतून ऊन येतं, समोरून एसीचा गार झोत येतो आणि मध्ये साप डब्यात बसलेला असतो.

माझं म्हणणं आधीच सांगतो : एसी किती अंशांवर ठेवलाय ते महत्त्वाचं नाही, डब्याच्या आत किती अंश आहेत ते महत्त्वाचं. सापाचं शरीर स्वतःची ऊब तयार करत नाही. भोवतीची हवा जितकी गरम किंवा गार, जवळपास तितकाच तो. घरी साप ठेवायच्या टाकीत एक बाजू उबदार आणि एक थंड असते, त्याला हवं तिकडे तो सरकतो. डब्यात ही सोय नसते. मिळेल त्या तापमानात त्याला बसावं लागतं, आणि पोटात अन्न असेल तर ते पचणं किंवा कुजणं त्या तापमानावरच ठरतं.

आधी बाहेर काय पडलं ते बघा

किळस बाजूला ठेवून हे बघावंच लागतं, कारण निम्मं निदान तिथेच होतं. उंदीर जवळजवळ अख्खा असेल, केस शाबूत असतील आणि प्रवासात किंवा घरी आल्यावर काही तासांत बाहेर पडला असेल, तर खाणं आणि प्रवास यांच्यात अंतर कमी पडलंय. साप घाबरला की ओझं टाकून हलका होतो. भरल्या पोटाने त्याला पळता येत नाही. याउलट अर्धवट पचलेला, सडका वास मारणारा गोळा दोन-तीन दिवसांनी बाहेर आला, तर संशय तापमानावर घ्या. साप खूप वेळ गार राहिला की पचनाचे रस मंदावतात, आणि पोटातल्या उंदराचं पचन होण्याआधी तो सडायला लागतो. मग सापाला तो बाहेर टाकावाच लागतो.

पहिल्या प्रकाराचा उपाय सोपा आहे. कॉर्न स्नेकला खाऊ घातल्यावर किमान तीन दिवस, बॉल पायथनला पाच दिवस हलवायचं नाही. उंदीर मोठा होता, पोटाचा फुगा अजून दिसतोय, तर पूर्ण आठवडा. ‘अठ्ठेचाळीस तास पुरेत’ असं बरेच जण सांगतात. टाकीतून काढून हातात घ्यायला ते ठीक, पण घाटकोपर ते बोरिवली या रस्त्याला ते पुरत नाही. शनिवारी जायचं असेल तर त्या आठवड्याचा उंदीर सरळ चुकवा. तब्येतीने बऱ्या असलेल्या मोठ्या सापाला एक जेवण चुकल्याने काही होत नाही. बॉल पायथन तर कित्येकदा स्वतःहूनच महिना-महिना खात नाही.

डोळे दुधी-निळसर झाले असतील, म्हणजे कात टाकायची वेळ जवळ आली असेल, तरी प्रवास पुढे ढकला. त्या दिवसांत सापाला नीट दिसत नाही आणि तो एरवीपेक्षा जास्त बिथरतो. सापच आजारी असेल आणि डॉक्टरकडे न्यायचं असेल, तर मात्र यातलं काहीही आड येऊ देऊ नका. फक्त निघण्याआधी फोन करून शेवटचं कधी खाल्लंय ते सांगा.

तापमान : खरी गडबड इथे होते

मत्स्यालयाच्या दुकानात वायरीच्या टोकाला छोटा प्रोब असलेला डिजिटल थर्मामीटर स्वस्तात मिळतो. प्रोब डब्यात, सापाच्या पातळीला चिकटपट्टीने लावा आणि आकडा दिसणारा भाग बाहेर ठेवा. चिकटपट्टीचा चिकट भाग सापाला कुठेही लागता कामा नये, खवले निघून येतात. बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर इथे कामाचा नाही. तो फक्त समोरच्या पृष्ठभागाचं तापमान दाखवतो.

डब्यात २५ ते २९ अंश असतील तर दोन्ही जातींसाठी निश्चिंत राहा. ३२ दिसले की लगेच काहीतरी करा. ३५ च्या पुढे गेलं तर जिवावर बेतू शकतं, आणि ते फार पटकन होतं. खालच्या बाजूला थोडी सवलत आहे. तासभर २३-२४ अंशांत रिकाम्या पोटी बसलेल्या सापाला इजा होत नाही. पण एसी १८ वर आणि झोत थेट डब्यावर असा तीन तासांचा प्रवास वारंवार घडला, तर श्वसनमार्गाचा संसर्ग होऊ शकतो. नाकपुड्यांशी बुडबुडे, श्वास घेताना शिट्टीसारखा किंवा चिकट आवाज, तोंड किंचित उघडं ठेवून डोकं वर धरणं, यातलं काही दिसलं तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका.

म्हणून निघण्याआधी गाडी रिकामीच सुरू करून दहा मिनिटं गार करा आणि मगच डबा आत आणा. एसी २६ किंवा २७ वर, झोत वर किंवा समोर. पायाशी हवा सोडणारी फट बंद आहे ना, हे हात लावून तपासा. सोबत बसलेल्या माणसांना थोडं उकडेल. मे महिन्यात दोन तास २६ अंशांत बसणं कुणाला सोसणार नसेल, तर त्याला दुसऱ्या गाडीने येऊ द्या.

उभ्या गाडीबद्दल कितीही सांगितलं तरी कमीच आहे. बाहेर ३२-३३ अंश असताना उन्हात काचा लावून उभ्या असलेल्या गाडीत दहा मिनिटांत दहाएक अंश वाढतात. काच चार बोटं खाली ठेवल्याने फार फरक पडत नाही. मुंबईत हा धोका तीन ठिकाणी हमखास येतो. पहिलं म्हणजे सीएनजीची रांग. भरताना इंजिन बंद, एसी बंद, सगळ्यांनी खाली उतरायचं, आणि साप मात्र आत राहतो. गाडी सीएनजीची असेल तर आदल्या रात्री भरून ठेवा. मध्येच भरावंच लागलं तर डबा हातात घेऊन खाली उतरा. दुसरं, दवाखान्याबाहेर पार्किंग न मिळणं. ‘मी नंबर लावून येतो, तू थांब’ असं म्हणून गाडी बंद करून ठेवणं नको. दोन माणसं असली तर एकाने डब्यासकट वर जावं आणि दुसऱ्याने गाडीचं बघावं. एकटेच असाल तर डबा सोबत जाईल. तिसरं, एक्स्प्रेसवेवरच्या फूड मॉलमध्ये सगळ्यांनी एकदम उतरणं. आळीपाळीने उतरा.

पुण्याला जाताना बोरघाटातल्या कोंडीचा हिशेब धरा. ट्रक बंद पडला की तासन्‌तास गाडी हलत नाही आणि चढावर इंजिन तापलं की काही जण एसी बंद करतात. नेमकं तेव्हाच डब्यातला आकडा वर जायला लागतो. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे उलट होतं : लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर, तिथे काच उघडली की मुंबईच्या सवयीचा साप एकदम गारठतो. यावर चांगला तोडगा म्हणजे डबा थर्माकोलच्या पेटीत ठेवणं. मासळीवाले वापरतात तशीच पेटी, पण कोरी घ्या. जुन्या पेटीचा वास जात नाही. झाकणाला आणि बाजूंना भोकं पाडा. थर्माकोल ऊब देत नाही आणि गारवाही देत नाही, फक्त बदल हळू करतो, आणि तोच वेळ आपल्याला हवा असतो. फार उकाड्यात बर्फाची थैली टॉवेलात गुंडाळून पेटीत, पण सापाच्या डब्याच्या बाहेर ठेवा. गरम पाण्याची पिशवी आणि हात शेकायचे रासायनिक पॅक मुंबईत जवळजवळ कधीच लागत नाहीत. ते थेट सापाजवळ ठेवले तर पोट भाजतं आणि साप बाजूला होत नाही. वरून येणारी उष्णता त्याला कळते, खालून भाजणारी बऱ्याचदा कळत नाही.

उष्माघाताची सुरुवात अशी दिसते : साप डब्याच्या भोकांना नाकाने ढुसण्या देतो, सारखा फिरतो, तोंड उघडतो; मग अंग सैल पडतं, उलटा केला तर सुलटा होत नाही. गाडी थांबवा, सावलीत न्या, अंगावर कोमट पाणी सोडा. बर्फाचं पाणी कधीही नाही. आणि तिथूनच डॉक्टरना फोन करा.

डबा कसा असावा

मोठा डबा म्हणजे आरामशीर, असं आपल्याला वाटतं. सापाला तसं वाटत नाही. वेटोळं घालून बसल्यावर अंग तीन बाजूंना टेकेल एवढाच डबा हवा, नाहीतर प्रत्येक खड्ड्याला तो आत घरंगळतो. आधी सुती पिशवी किंवा उशीचा अभ्रा. तो उलटा करून घ्या, म्हणजे शिवणीचे दोरे बाहेर राहतात. दोऱ्यात शेपटी अडकून रक्त थांबल्याची उदाहरणं आहेत. तोंडाला पीळ देऊन गाठ मारा. साप पिशवीच्या तळाशी आहे हे हाताने चाचपून मगच गाठ मारायची. ही पिशवी कडीच्या झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, भोवती चुरगळलेला कागद. डब्याची भोकं आतून बाहेर पाडलेली हवीत, म्हणजे धारदार कडा आत येत नाहीत. कडीवर पुन्हा एक पट्टा. बॉल पायथन नाकाने झाकण किती जोरात उचलू शकतो, हे पाहिल्याशिवाय पटत नाही.

पाण्याचं भांडं ठेवू नका. सांडतं, आणि ओल्या कागदावर तासभर बसलेल्या सापाला एसीचा गारवा दुप्पट लागतो. दिवसभर पाणी नसलं तरी चालतं. घरी पोचल्यावर द्या.

डबा कुठे ठेवायचा? डिकीत नाही. सेदानच्या डिकीत हवा खेळत नाही, सीएनजीच्या गाडीत तिथे टाकी असते, आणि हॅचबॅकमध्ये मागच्या काचेतून थेट ऊन येतं. पुढच्या सीटवर नाही, समोर एअरबॅग असते. मांडीवरही नाही. कोरड्या दिवसांत पुढच्या सीटमागची पाय ठेवायची जागा सगळ्यात चांगली. डबा तिथे घट्ट बसतो आणि ऊन लागत नाही. पावसाळ्यात मात्र मागच्या सीटवर पट्ट्याने बांधा. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे ही नावं प्रत्येक मुंबईकराला पाठ आहेत, आणि गाडीत पाणी शिरलं तर पहिलं तिथेच, पायाशी शिरतं. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी असेल तर नियमित तपासणीसाठी जाऊच नका.

सापाला बाहेरचे कान नसतात, पण खालच्या जबड्याच्या हाडांतून जमिनीची थरथर थेट आतल्या कानापर्यंत पोचते. गाडीच्या पत्र्यावर टेकलेल्या डब्यात ही थरथर तो सतत घेत असतो. डब्याखाली चौपदरी टॉवेल किंवा योगा मॅटचा तुकडा टाका आणि बेसवाली गाणी बंद ठेवा. खाणं सोडणाऱ्या सापांत एवढ्या एका बदलाने फरक पडलेला मी पाहिला आहे.

परतल्यावर खात नसेल तर

घरी आल्यावर काढून हातात घेण्याचा मोह होतो, नातेवाईक आले असतील तर जास्तच. तसं करू नका. डबा टाकीत ठेवा, झाकण उघडा, पिशवीची गाठ सोडा आणि त्याला स्वतःहून बाहेर येऊ द्या. पुढचा आठवडाभर फक्त पाणी बदला. मग नेहमीपेक्षा लहान उंदीर द्या. नाकारला तर रोज-रोज पुढे करू नका, आठवड्याने पुन्हा बघा. खातो की नाही यापेक्षा वजन बघा : स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्याची जुळी बहीण सापासाठी वेगळी घ्या. दहा टक्क्यांहून जास्त वजन उतरलं तर डॉक्टर.

उलटी झाली असेल तर मात्र घाई अजिबात नको. पोटातलं आम्ल वर आल्याने अन्ननलिका सोललेली असते आणि पचनाला लागणारे जिवाणू कमी झालेले असतात. दहा ते चौदा दिवस काही देऊ नका, मग नेहमीच्या निम्म्या आकाराचा उंदीर द्या. तो पचला की पुन्हा आठवड्याचं अंतर. लगेच दुसरा उंदीर देऊन ‘भरपाई’ केली की दुसरी उलटी जवळजवळ ठरलेली, आणि दुसरीनंतर साप झपाट्याने खंगतो.

आणि गणपतीला गावी जाताना साप बरोबर नेऊ नका. मुंबई-गोवा महामार्गावर त्या दिवसांत किती तास लागतील हे कोणी सांगू शकत नाही. थर्मोस्टॅट चालू, पाणी भरलेलं, टाकीला कुलूप, आणि एक दिवसाआड डोकावणारा विश्वासू माणूस. एवढ्यावर मोठा साप आठवडाभर घरी मजेत राहतो.

गाडीतच निसटला तर

गाडी चालवत राहू नका. साप पेडलांखाली जाऊ शकतो. सुरक्षित जागी थांबा, काचा लावा, सगळ्यांना एका दारातून सावकाश उतरवा. सीट पुढे-मागे सरकवू नका, रुळात साप चिरडतो. सीटखालच्या पिवळ्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्या ओढू नका. टॉर्चने सीटखाली, डॅशबोर्डच्या कप्प्यामागे, डिकीच्या कार्पेटखाली बघा. नाही सापडला तर गाडी सावलीत, शक्यतो सोसायटीच्या आच्छादित पार्किंगमध्ये रात्रभर उभी ठेवा. जमिनीवर मैदा पसरा म्हणजे माग दिसतो, आणि कोपऱ्यात अंधारा खोका ठेवा. रात्री तो बहुतेक स्वतःच खोक्यात येतो. वॉचमनला सांगून ठेवा, सापाचा फोटो दाखवा. लपवलं आणि कुणाला तो दिसला, तर तो काठीने मारला जाईल.

कागद जवळ ठेवा

नाकाबंदीत डबा उघडायला सांगितला तर पोलिसांचा संशय समजण्यासारखा आहे. महाराष्ट्रात मांडुळाच्या तस्करीची प्रकरणं सतत होतात. नाग, धामण, अजगर, मांडूळ, घोणस, दिवड अशा आपल्याकडच्या सापांना वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चं संरक्षण आहे. ते पाळता येत नाहीत आणि गाडीतून नेताही येत नाहीत. पावसाळ्यात घराजवळ निघालेला साप असेल तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक लावा, स्वतः डब्यात भरू नका. अजगराचं पिल्लू समजून लोक घोणस उचलतात, आणि घोणसाच्या चाव्याने माणसं मरतात.

बॉल पायथन परदेशी असला तरी साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर तो आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत येतो, आणि २०२४ च्या नियमांनुसार त्याची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर लागते. त्या नोंदणीची प्रत, खरेदीचा कागद आणि डॉक्टरांची चिठ्ठी गाडीत ठेवा. कॉर्न स्नेक साइट्सच्या यादीत नाही, तरी बिल आणि फोटो सोबत असावेत. डब्यावर मराठीत ‘जिवंत प्राणी, बिनविषारी’ आणि तुमचा फोन नंबर लिहा, आणि लिफ्टमध्ये नेताना वर कापडी पिशवी घाला. अपघात झाला तर मदतीला आलेल्या माणसाला आत काय आहे ते कळलं पाहिजे. शेजाऱ्यांना उगाच धसका बसायचं कारण नाही.

प्रवासात डब्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवा, मगच वडापाव. सापाच्या विष्ठेतून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू पसरतो, आणि पाच वर्षांखालच्या मुलांना त्याचा त्रास जास्त होतो.

हे सगळं करूनही उलटी होत असेल

मग दोष प्रवासाचा नाही. आतड्यात परजीवी असू शकतात, टाकीचं तापमान मुळातच कमी असू शकतं, किंवा फ्रीझरमधून काढलेला उंदीर नीट वितळलेला नसतो आणि आतून थंड राहतो. टाकीचा उबदार कोपरा थर्मामीटरने आधी तपासा. बॉल पायथनसाठी तो ३१-३२ अंशांना हवा. कॉर्न स्नेकच्या पोटाच्या मध्यावर टणक फुगवटा कायम जाणवत असेल तर क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीची तपासणी करून घ्या, आणि घरात दुसरा साप असेल तर त्याची भांडी, चिमटे लगेच वेगळे करा.

तिसरी उलटी झाली की सापासोबत तो बाहेर पडलेला गोळाही डॉक्टरकडे न्या. झिपच्या दोन पिशव्यांत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. गोठल्यावर काही तपासण्या होत नाहीत. सोबत कागदावर शेवटच्या तीन जेवणांच्या तारखा, उंदराचं आणि सापाचं वजन, टाकीचं तापमान, आणि त्या प्रवासात डब्यातला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आकडा लिहून द्या.